चारचा पाहुणा

बंद करायलाच गेले होते मी, खोटं कशाला बोलू? जयसिंगपूरच्या 'पाठराखण' गृहसेवेची फाईल टेबलावर आली तेव्हाच मी मनातल्या मनात तिच्यावर फुली मारली होती. नऊ बायका, नऊ म्हातारी माणसं, एक खटारा स्कूटर आणि शांतांक बावन्न. शांतांक सलग तीन महिने साठच्या खाली राहिला की परवाना रद्द, असा सरळ नियम. त्यात एका म्हातारीचा हात भाजलेला. आता एवढ्यावर तिथे जाऊन बघायचं तरी काय, असं मी आमच्या मुजावर साहेबांना तोंडावर विचारलं.

"मगदूम मॅडम, नियमात प्रत्यक्ष भेट लिहिली आहे," ते म्हणाले. "जाऊन या, डोळ्यांनी बघा, आणि बंद करून टाका."

मी गृहसेवा गुणवत्ता कक्षात तपासनीस आहे. घरी येऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं, औषधं देणं, कूस बदलणं, हे करणाऱ्या संस्था आता गल्लोगल्ली आहेत. त्यातली कुठली धड आणि कुठली थातूरमातूर, हे ठरवायचं माझं काम. पूर्वी आम्ही हे प्रश्न विचारून ठरवायचो. म्हातारीला विचारायचं, "सगळं नीट करतात ना?" आणि सांभाळणारी बाई मागे उभी. म्हातारी काय सांगणार, कप्पाळ! "चांगलं आहे हो सगळं," म्हणायची आणि आमच्याकडे न बघता भिंतीकडे बघायची.

मग पट्टी आली. ती काय भानगड आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोस्टाच्या तिकिटाएवढी असते. गळ्याच्या हाडाखाली चिकटवायची. ती तीन गोष्टी टिपते. एक म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर. निवांत माणसाचे ठोके एकसारखे पडत नाहीत. श्वास आत घेताना ते जरा भरभर पडतात, सोडताना जरा सावकाश. माणूस घाबरला किंवा कुठे दुखायला लागलं की ही लवचीकता जाते, ठोके ताठ आणि भरभर पडायला लागतात. दुसरी गोष्ट घाम. ओलसर कातडीतून वीज सहज वाहते, तेवढ्यावरून तळहाताला फुटलेला घामसुद्धा कळतो, म्हणून मनगटावर एक बारीक तुकडा वेगळा असतो. तिसरं, त्या घामातलं कॉर्टिसॉल. ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ते रक्तात सोडतात. लाखो माणसांच्या अशा नोंदी शिकवून यंत्र तयार केलं, आणि ते या तिन्हींचा मिळून शून्य ते शंभरमधला एक आकडा काढतं. तो शांतांक. संस्थेचा महिन्याचा आकडा काढताना प्रत्येकाच्या दिवसातल्या सर्वांत वाईट तासाला सर्वांत जास्त वजन. तोंड खोटं बोलेल, शरीर बोलणार नाही.

आणि काम केलं हो पट्टीने! म्हाताऱ्यांना चिमटे काढणारे, पलंगाला बांधून ठेवणारे, ओल्यात तसंच निजवणारे, असे सगळे पहिल्या दोन वर्षांत सापडले. मी स्वतः कितीतरी परवाने रद्द केले आणि त्या त्या रात्री शांत झोपले. त्याचा मला अजूनही अभिमान आहे.

माझ्या अण्णांनाही पट्टी होती. माझे अण्णा सांगलीच्या हळदीच्या सौद्यात बोली पुकारायचे. आवाज असा की पेठेच्या दुसऱ्या टोकाला माणूस दचकावा. अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली, डोकंही मधूनमधून हरवायला लागलं, तेव्हा मी त्यांना सर्वांत मोठ्या कंपनीची सेवा लावली. नाव 'निश्चिंत'. अण्णांचा शांतांक त्र्याण्णव. ऑफिसात कुणी वडलांची तब्येत विचारली की मी आकडा सांगायचे. लोक म्हणायचे, नशीबवान आहात.

तर जयसिंगपूर. पाठराखणचं ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीमागची एक खोली. चालवणारी बाई एस्तेर भोरे. मिरजेत जन्म गेला नर्स म्हणून, साठी उलटलेली, उंच, हाडापेराने मजबूत आणि चेहऱ्यावर अशी अढी की तपासणी तिची नाही, माझीच चालली आहे. मी तिच्यासमोर नऊ जणांचे आलेख ठेवले. दिवसभर बरे होते सगळे. पण रोज दुपारी चारच्या सुमाराला नऊच्या नऊ रेघा धाडकन खाली.

"चार वाजता काय करता तुम्ही या लोकांना?" मी विचारलं.

"चहा."

"चहाने माणूस इतका घाबरतो?"

"घाबरतो कोण म्हणालं? यंत्र म्हणालं." तिने पदर खोचला. "चला शालनकाकूंकडे. तिचाच हात भाजलाय, तिथूनच सुरू करा."

जाताना तिने गणवेश काढून चांगली निळी साडी नेसली. मला वाटलं, सरकारी माणूस आलंय म्हणून नटतेय. सकाळी शालनकाकूंची आंघोळ, जेवण, औषधं तिनेच उरकली होती, घराची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. तरी दारापाशी जाऊन तिने बेल वाजवली आणि हात बांधून उभी राहिली.

"किल्ली आहे ना?"

"आहे."

"मग उघडा की!"

"पाहुणे किल्लीने येतात का?" ती म्हणाली.

माझ्या फोनवर शालनकाकूंचा शांतांक दिसत होता. बेल वाजली तेव्हा एकाहत्तर. मग एकोणसाठ. मग पंचेचाळीस. आत काहीतरी धडपडलं, भांडं पडलं. मी दाराला हात घातला तर एस्तेरने माझं मनगट धरलं.

"आले, आले! जरा दम धरा की! पाय हायत मला, चाकं न्हाईत!" आतून आवाज आला.

दार उघडायला इतका वेळ लागला की माझ्याच तळहातांना घाम फुटला. शालनकाकू दारात उभ्या होत्या, चार पायांच्या काठीवर रेललेल्या, पदर डोक्यावरून घेतलेला, भाजलेल्या उजव्या मनगटाला बँडेज गुंडाळलेलं. आकडा अडतीस.

"अगं बया, एस्तेर! ये की आत. आणि ही कोण?"

"मगदूम बाई. सांगलीच्या."

"मगदूम? कुठले मगदूम, समडोळीचे का? हे माहेरचं का सासरचं?"

"माहेरचंच लावते मी," मी म्हणाले.

"लाव की. काय बिघडलं! बसा, चहा टाकते."

आणि त्या टाकायला लागल्या. गॅसवर! हात असा थरथरतोय की पातेल्यातलं पाणी ओट्यावर. साखरेचा डबा उघडेना. दूध वर यायला लागलं आणि काकूंची नजर खिडकीतून शेजारणीच्या वाळवणाकडे. मी ताडकन उठले. एस्तेरने मला खाली खेचलं.

"बसा. पाहुणी ओट्यापाशी जात नसते."

"अहो, पुन्हा भाजतील!"

"मी बघतेय."

बघत होती खरी. तिची नजर काकूंच्या हातांवरून हलत नव्हती, पाय असे ठेवलेले की एका उडीत ओट्यापाशी पोचेल. पण चेहऱ्यावर असं हसू की जणू गप्पा मारायलाच आली आहे. चहा आला. बशीत चिवडाही आला. मी सवयीने म्हणाले, "नको काकू, मी ड्युटीवर काही घेत नाही."

काकूंचा चेहरा असा पडला की काय सांगू. फोनवरचा आकडा तेहतीसवर गेला. एस्तेरने माझ्याकडे असं बघितलं की कान धरून उभं करील. मी मुकाट्याने चिवड्याची मूठ भरली.

"लाजतीस काय? घे अजून," काकू म्हणाल्या. "हाडं निघाल्यात तुझी. घरात कुणी जेवायला घालत न्हाई का?"

मग ती बाई जी सुटली! मला मुलं किती, नवरा काय करतो, सांगलीत पाणी रोज येतं का. शेजारणीची चहाडी झाली, जावयाची झाली. चहा म्हणजे नुसता पाक होता, तो मी प्यायले. निघताना त्यांनी माझ्या हातात एक लिंबू ठेवलं, रिकाम्या हाताने पाठवत नाही म्हणून. गाल लाल झाले होते त्यांचे, धाप लागली होती, आणि आकडा त्रेचाळीस.

जिन्यात मी एस्तेरवर तुटून पडले. "हा काय तमाशा आहे? ऐंशीची बाई, थरथरता हात, आणि तुम्ही तिच्याकडून चहा करवून घेता? हिला सेवा म्हणतात?"

"मग काय म्हणतात?" तीही भडकली. "झोपवून ठेवू? दिवसभर सगळे या माणसांना देतच असतात. औषध घ्या, जेवण घ्या, कूस बदला. त्यांच्याकडून घ्यायला कुणी जातं का? जन्मभर आल्यागेल्याला चहा पाजलेली बाई ती. तिला एक तास तरी घरची मालकीण होऊ दे की!"

"आणि हात भाजला तो?"

तिचा आवाज खाली आला. "ती माझी चूक. फोन आला म्हणून मी मान वळवली."

"मान वळवली! उद्या पदर पेटला तर?"

"म्हणूनच मी रात्रीची झोपत नाही, मगदूम बाई. लिहा काय लिहायचं ते. नऊ जणांना मग कुणाकडे पाठवता, तेवढं पण लिहा."

मी चिडून गाडीत बसले. गॅस, थरथरते हात, भाजलेलं मनगट. बंद करायला एवढं पुष्कळ होतं. पण बोटं फोनवर अहवाल उघडायला तयार होईनात. डोक्यात सारखं तेच येत होतं, की हाडं निघाल्यात तुझी, घरात कुणी जेवायला घालत न्हाई का. हे मला शेवटचं कुणी विचारलं होतं?

माझ्या घराची लिफ्ट कायम बंद, म्हणून अण्णा सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात, त्यांच्या स्वतःच्या घरी असायचे. मी एरवी रविवारी सकाळी जायची. त्या दिवशी जयसिंगपूरहून परतताना सरळ त्यांच्याकडे वळले. दिवेलागण होऊन गेली होती. खोलीत मंद दिवा, पडदे ओढलेले, आणि 'निश्चिंत'ची किरण, गोड आवाजाची चुणचुणीत पोरगी, अण्णांना मऊ भात भरवत होती.

मी दारातच थांबले. आमचं जैनाचं घर. सूर्य मावळल्यावर अण्णांनी जन्मात घास घेतला नाही. सौद्यातून उशीर झाला तर उपाशी झोपायचे. माझ्या लग्नात पंगतीला वेळ झाला म्हणून व्याह्यांशी भांडले होते. ते अण्णा दिव्याच्या उजेडात तोंड उघडत होते, घास गिळत होते, पुन्हा तोंड उघडत होते.

"अण्णा, दिवस मावळला की," मी म्हणाले.

"बरं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, रात्र झाली. तुम्ही जेवताय!"

"बरं, बरं."

"सर कधीच कशाला नाही म्हणत नाहीत," किरण कौतुकाने म्हणाली. "आमच्याकडचे सगळ्यांत गोड पेशंट आहेत ते."

भिंतीवरच्या पडद्यावर हिरवा आकडा होता, चौऱ्याण्णव. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या पोरीला चार शब्द सुनावणार होते, पण तिचं काय चुकलं होतं? तिला शिकवलंच होतं तसं. विरोध करायचा नाही, बातम्या सांगायच्या नाहीत, उठवायचं नाही, आठवण द्यायची नाही. आकडा वर. असा आकडा आणला म्हणून आमचाच कक्ष या कंपनीला दर वर्षी वरची श्रेणी देत होता, आणि मी तो आकडा ऑफिसात मिरवत होते. संतापून मी बाहेर ओसरीवर येऊन रडले.

आता यंत्राचं म्हणाल तर त्याची काही चूक नाही. भीतीने धडधडणारं हृदय आणि लगबगीने धडधडणारं हृदय पट्टीला एकसारखंच दिसतं. बोहल्यावरच्या नवरीला पट्टी लावा, तिचा छळ चाललाय असंच यंत्र म्हणेल. हे ती बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. पण म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्यात आता लगबग असणार कुठली, असं त्यांनी धरलं. आम्हीही धरलं.

दुसऱ्या दिवशी चारला मी पुन्हा तिथे गेले. किरणला म्हटलं, तू मागच्या खोलीत बस, मी आहे. अण्णांची काठी पलंगाशी ठेवली, बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

काही नाही. पुन्हा वाजवली. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. स्वतःच्या बापाच्या दारात उभी राहून बेल वाजवणारी बाई, आणि आतून कुणी येत नाही. ते येऊ शकतील असं मला कुणी सांगितलं होतं? वर्षभर त्यांना पलंगावरून उतरू दिलं नव्हतं, पडतील म्हणून. तरी मी वाजवतच राहिले, राग कुणावर काढत होते देव जाणे. शेवटी थकून आत गेले.

अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. स्वतः उठून. चांगला हात काठीवर, कपाळावर घाम, पडद्यावर लाल आकडा, एकेचाळीस.

"कोण आलंय?" ते म्हणाले.

कित्येक महिन्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी काठीवरचा त्यांचा हातच बघत राहिले.

"अगं, दारात कोण उभं हाय इतका वेळ? बहिरी झालीस काय?"

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. किरण धावत आली, आणि मागोमाग कंपनीचा फोन. एक अत्यंत मऊ आवाज मला म्हणाला, "मॅडम, आपल्या भेटीच्या वेळी सरांचा शांतांक फार घसरतो आहे. मागच्या भेटींतही थोडा घसरलेला दिसतोय. आमची विनंती अशी, की पुढचे काही आठवडे आपण प्रत्यक्ष येऊ नये. पडद्यावरून भेटावं. आपला आवाज आम्ही थोडा सौम्य करून त्यांना ऐकवू."

"माझा आवाज सौम्य करणार?"

"सरांच्याच भल्यासाठी, मॅडम."

मी त्या बाईला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

संध्याकाळी तडक जयसिंगपूर गाठलं. एस्तेर गिरणीपाशी स्कूटर पुसत होती. मी म्हणाले, "माझ्या वडलांना तुमच्याकडे घ्या."

ती हसली नाही, टोमणा मारला नाही. हातातला कपडा स्कूटरच्या सीटवर टाकला. "घेते की. पण तुम्हाला तुमचा नियम ठाऊक आहे ना?"

ठाऊक होता. म्हणूनच येताना वाटेत माझी तगमग चालली होती. ज्या संस्थेची तपासणी मी केली, तिची सेवा माझ्या घरच्यांना पाच वर्षं घेता येत नाही. अण्णांना इथे आणायचं तर मला फाईल सोडावी लागणार. मी सोडली की ती दुसऱ्याकडे जाणार, आणि दुसरा बावन्न हा आकडा बघून खुर्चीतून न उठता परवाना रद्द करणार. मग अण्णा येणार कुठे? मी फाईल धरली, तर मला एक अधिकार होता. आकड्याविरुद्ध विशेष शेरा लिहायचा. नोकरीत एकदाच लिहिता येतो, स्वतःच्या जबाबदारीवर. उद्या काही बरंवाईट झालं तर आधी मी घरी. पण तो शेरा लिहिला की पाठराखण वाचणार नऊ जणांसाठी, आणि माझ्या अण्णांसाठी तिचं दार बंद.

मुजावर साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, भावनेच्या भरात काही करू नका. बंद करा आणि मोकळ्या व्हा. वडलांचं काय, ते चांगल्या ठिकाणी आहेतच की!"

चांगल्या ठिकाणी! मी फोन ठेवला. ते दोन दिवस मी काय खाल्लं, कुठे फिरले, मला सांगता येणार नाही. एकदा वाटे, माझा बाप आधी, बाकीच्यांचं त्यांची पोरं बघतील. मग दारात उभ्या शालनकाकू डोळ्यांपुढे यायच्या, आणि त्यांना चौऱ्याण्णव आकड्यावर निजवलेलं दिसायचं, "बरं, बरं" म्हणत. खरं सांगते, मला त्या म्हातारीचा राग आला. ते लिंबू तिने मला कशाला दिलं? मुकाट्याने भाजलेला हात दाखवायचा, दोन अश्रू गाळायचे, मी बंद करून गेले असते.

तिसऱ्या दिवसापासून मी पाठराखणच्या नऊच्या नऊ घरी गेले. चारला बेल वाजवली. रोज एक घर, रोज एक चहा. एकाने बिनदुधाचा दिला, एकाने दार उघडून मलाच विचारलं, तू कशाला आलीस? एका आजोबांना दारापर्यंत येता आलं नाही, तर एस्तेरची बाई दाराबाहेरून त्यांच्याशी गप्पा मारत बसली होती आणि ते आतून तिला शिव्या घालत होते. सगळं छान होतं असं मुळीच नाही. दोन घरी गॅसची नळी इतकी जुनी की मला धडकी भरली. एका घरी फरशीवर तेल. एस्तेरला मी फैलावर घेतलं.

"गॅस बंद. सगळीकडे इंडक्शन, भांडं उचललं की आपोआप बंद होणारं. पातेली लहान, पाणी दोन कपांपुरतं. आणि चारच्या तासाला तुमच्या एकाही बाईच्या हातात फोन दिसता कामा नये. हे झालं तरच शेरा."

"इंडक्शनच्या चहाला काय चव असते का?" ती कुरकुरली.

"तुमचा चहा पाक असतो. चवीचं मला सांगू नका."

ती पहिल्यांदा हसली. मग हसू आवरलं. "म्हणजे शेरा लिहिताय? आणि तुमचे अण्णा?"

"त्यांचं माझं मी बघेन," मी म्हणाले. लिहिला. घरोघरी इंडक्शन बसलेलं बघितलं, मगच लिहिला. घरी आल्यावर हमसून हमसून रडले, हेही सांगते. बापाला विकून आल्यासारखं वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात बिनपगारी रजा टाकली, 'निश्चिंत'ला नमस्कार केला आणि बॅग घेऊन गावभागात राहायला गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हृदय कमकुवत आहे. धावपळ झाली तर दुसरा झटका येऊ शकतो. झोपवून ठेवलं तर जास्त दिवस काढतील." मी विचारलं, "जास्त दिवस काय करतील?" पट्टी मी काढली. पहिल्या रात्री मी सारखी भिंतीवरच्या काळ्या पडद्याकडे बघत होते. हिरवा नाही, लाल नाही, काहीच नाही. माणूस आत कसा आहे, हे आता बघूनच ओळखायचं होतं, आणि मी तर बघायचंच विसरले होते.

फार हाल झाले सुरुवातीला. अण्णा मला ओळखत होते की नाही कळेना. दिवसभर खेकसायचे. भाजी अळणी आहे, पंखा जोरात आहे, ही कोण बाई घरात घुसली आहे. दिवस मावळायच्या आत ताट पुढे आलं नाही तर ढकलून द्यायचे. चारला मी बाहेर जाऊन बेल वाजवायची, ते दोन पावलं यायचे आणि मी दिसले की, "तूच हाईस व्हय!" म्हणून माघारी. पाहुणी म्हणून मी त्यांना पटेनाच. बरोबरच आहे. घरातली पोरगी बाहेर जाऊन बेल वाजवते, याला काय पाहुणा म्हणायचं? रोज हरायची मी. कधीकधी वाटायचं, चूक केली. निदान कंपनीत ते निवांत तरी होते. शेजारी म्हणायचेच, म्हाताऱ्याचे किती हाल करतेय ही.

आणि एका दुपारी मी आत खुर्चीत बसलेली असताना बेल वाजली.

मी उठायला लागले, तसे अण्णा पलंगावरून गरजले, "बस खाली! माझ्या घरी कोण आलंय ते मी बघतो."

काठी टेकत निघाले. लुळा खांदा भिंतीला टेकवत. डावा पाय ओढत. मधल्या खोलीत थांबले, धाप ऐकू आली. छाती किती जोरात चालली असेल, डॉक्टर काय म्हणाले होते, सगळं डोक्यात एकदम. उठून त्यांना धरावं म्हणून अर्धी उठले, पुन्हा बसले. खुर्चीची कड धरून ठेवली. दाराची कडी त्यांना सापडेना. मग खाडकन आवाज आला.

दारात एस्तेर होती. निळी साडी, हातात केळ्यांची फणी.

"सेवा द्यायला आले नाही," तिने नुसते ओठ हलवून आत मला सांगितलं. मग अण्णांना हात जोडले. "जयसिंगपूरहून आले. भोरे माझं नाव. इकडे आले होते, म्हटलं भेटून जावं."

अण्णा चौकटीला टेकले होते. सदरा घामाने भिजलेला, ओठ सुकलेले. पण मान ताठ.

"या की, आत या," ते म्हणाले, आणि वळून काठी माझ्याकडे केली. "ही आमची शीतल. थोरली पोरगी. तोंडाची फटकळ हाय, मनावर घेऊ नका. पण माझ्यासाठी आपलं घरदार सोडून हितं येऊन राहिलीया."

म्हणजे ठाऊक होतं त्यांना. इतके दिवस सगळं ठाऊक होतं, आणि एका शब्दाने म्हणाले नव्हते. घरच्या माणसाला कोण कशाला सांगतं? ते पाहुण्यालाच सांगायचं असतं.

"तुम्ही बसा, चहा मी टाकतो," ते एस्तेरला म्हणाले. "हिला जमत न्हाई."

भिंतीला टेकत ते स्वयंपाकघराकडे गेले. एस्तेर खुर्चीच्या टोकावर बसली, नजर त्यांच्या हातांवर. मला काही दिसेनासं झालं होतं. मी पदराने तोंड दाबलं, तरी हुंदका बाहेर पडलाच.

"पाहुण्यांसमोर रडतीस काय?" अण्णा आतून ओरडले. "साखर कुठं ठेवलीस ते सांग!"